मैदान कन्नडमध्ये ऐकतं

मॅच संपली की कॉमेंट्री बॉक्स आवरायचं काम माझ्याकडे असतं. टेबलावर चहाचे कागदी कप, पेनांची टोपणं, कुणाचा तरी चष्मा आणि किस्से एवढं उरलेलं असतं. कप फेकता येतात. चष्म्याचा मालक फोन करतो. किस्से मात्र तिथेच राहतात आणि पुढच्या रविवारी त्यांच्यावर नवे येऊन पडतात. आता ढीग एवढा झालाय की त्यातले थोडे इथे उतरवून ठेवते.

बॉक्स म्हणजे काही मोठं नाही. म्हैसूरमधल्या मराठी घरांची मिळून एक टेनिस-बॉल स्पर्धा होते, तिच्यासाठी नजरबादजवळच्या मैदानावर चार बांबूंचा एक शामियाना उभा करतात. आत एक टेबल, दोन माइक आणि लाइव्हसाठी स्टँडवर लावलेला एक फोन. लाइव्ह बघणारे म्हणजे बेंगळुरूचे काका, पुण्याची आत्या, आणि ज्यांची मुलं खेळतायत पण ज्यांना दुकान सोडता येत नाही असे आईबाप.

बॉक्समध्ये आम्ही चौघं. पहिले माझे यशवंतमामा. टायरचं दुकान, मोठी मिशी, त्याहून मोठा आवाज. सगळं मैदान त्यांना मामाच म्हणतं. दुसरे नामदेवकाका, टेलर. तिसरी प्रणालीताई, मूळची कोल्हापूरची, कडकोळच्या एका कारखान्यात इंजिनिअर. आणि चौथी मी, स्कोअरर. मी दहावीत आहे. मामांनी मला का निवडलं, तर "पुट्टी बोलत नाही. बोलणारा माणूस स्कोअर चुकतो." पुट्टी म्हणजे छोटी.

खरं आहे. मी फार बोलत नाही. पण ऐकते सगळं.

*

मामांची कॉमेंट्री मराठीत असते, असं मामांचं म्हणणं आहे.

पहिल्याच रविवारी जवळच्या बेळगोळ गावच्या एका बॅटरनं चेंडू उंच मारला आणि मामा उठून उभे राहिले. "बॉल होय्तु! फील्डरच्या डोक्यावरनं होय्तु! फील्डर पण मागनं होय्तु! अय्यो, कुत्रं आलं बॉल घेऊन होय्तु!"

होय्तु म्हणजे गेलं. आमच्याकडे लहान मुलंसुद्धा मराठी वाक्याच्या शेवटी होय्तु म्हणतात.

लाइव्हखाली पुण्याच्या कुणीतरी लिहिलं, "ही कुठली मराठी?" नामदेवकाकांनी चष्मा वर करून ते मोठ्यानं वाचलं. माइक चालू होता.

मला वाटलं, मामा चिडणार. ते हसले. "सांगतो," म्हणाले. "आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. ही मराठी त्यांनी घोड्यावरनं आणली. वाटेत थोडी सांडली. उरली तेवढी आम्ही अजून चालवतोय की!"

त्या माणसाने पुढचे सगळे रविवार लाइव्ह बघितलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने एका सिक्सखाली लिहिलं, "होय्तु!"

*

मामांचा प्रत्येक प्रसंगाला ठरलेला एक डायलॉग असतो. सिक्सला वेगळा, रनआउटला वेगळा. पब्लिकला ते पाठ आहेत. मामांना त्याचा इतका अभिमान आहे की डायलॉगआधी ते क्षणभर थांबतात, म्हणजे पब्लिकलाही श्वास घेता येतो.

संथ खेळणाऱ्या बॅटरसाठीचा डायलॉग होता, "काय रे, शिंप्याचा आहेस का? कापड बेततोयस?"

आता, विठ्ठलाच्या भजनाला जमणारी टेलर लोकांची जी टीम आहे, तिच्यात नामदेवकाकांचा सख्खा पुतण्या ओपनिंगला येतो. तो खरंच संथ खेळतो. मामांनी एका ओव्हरमध्ये तो डायलॉग चार वेळा मारला. काका नेहमीच शांत असतात. गळ्यात टेप अडकवून येतात आणि बॅट क्रीजपासून किती लांब राहिली ते नुसत्या डोळ्यांनी इंचात सांगतात.

पाचव्यांदा मामा म्हणाले, "अरे, सुई धरणारे हात! तलवारीसारखी बॅट कशी चालणार?"

काकांनी दुसरा माइक पुढे ओढला.

"यशवंतराव, तुमचे पूर्वज घोड्यावरनं लढाईला गेले, अल्वा? हो की नाही?"

"गेले की!"

"मग त्यांचा अंगरखा कुणी शिवला? का उघडेच गेले?"

मैदानावर असा हशा झाला की बोलर रनअपमध्ये थांबला. मामा सगळ्यात जास्त हसले. तो डायलॉग त्या दिवशी बंद झाला. पुतण्या सोळा बॉलमध्ये पाच रन काढून आउट झाला. काका माइकवर म्हणाले, "हे मात्र संथच होतं."

*

यंदा पहिल्यांदाच मुलींचा गट झाला. आठ ओव्हरच्या मॅचेस. मामा सकाळपासून पाठ करत होते, "बॅट्समन नाही, बॅटर. बॅट्समन नाही, बॅटर."

तेवढंच पाठ केलं होतं. पहिला कॅच सुटला आणि सवयीनं निघून गेलं, "काय हे! हातात बांगड्या भरल्यात का?"

कॅच सोडणारी बेळगोळची मुलगी आमच्या टेबलापासून दहा पावलांवर बाउंड्रीला उभी होती. तिनं दोन्ही हात वर केले. कोपराच्या खालपर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या. तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं होतं आदल्याच दिवशी.

"होय मामा, भरल्यात! काढून तुमच्याकडे ठेवू का?"

प्रणालीताईनं कपाळाला हात लावला. ती मुलगी खरंच आली, बांगड्या एकेक काढून टेबलावर मामांसमोर ठेवल्या आणि परत गेली. पुढच्या दोन ओव्हर मामा एक हात बांगड्यांवर ठेवून कॉमेंट्री करत होते, कारण टेबल हललं की त्या घरंगळत होत्या.

मग तिच्याकडे पुन्हा कॅच गेला. रिकामे हात. सोपा कॅच.

तोही सुटला!

मामांनी बांगड्यांकडे पाहिलं, मग माइककडे. "बांगड्यांचा काही दोष नव्हता," ते गंभीरपणे म्हणाले. "तसं रेकॉर्डला असू द्या."

*

तुम्ही म्हणाल, चुका फक्त मामांच्याच. तर नाही.

प्रणालीताईची मराठी अगदी पुस्तकासारखी आहे. हे लिहितानाही माझं व्याकरण तिनंच तपासलं. मामांचं प्रत्येक वाक्य ती माइकवर सरळ करून परत सांगायची. मामांना ते आवडायचं. "मी सांडतो, ताई गोळा करते," म्हणायचे.

एकदा आमच्या टीममधल्या एका कन्नड पाहुण्या खेळाडूनं तीन सिक्स मारले. ताईला तिचा स्वतःचा डायलॉग सुचला. ती आनंदानं ओरडली, "आणि हा बसलाय मद्रासी तडका!"

पाहुणा खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचा.

मैदानावरच्या टाळ्या मध्येच थांबल्या. विकेटकीपरनंसुद्धा वळून पाहिलं. ताईला काही कळेना. "काय झालं? आमच्याकडे सगळ्यांना असंच म्हणतात. चांगल्या अर्थानं!"

नामदेवकाकांनी माइकवर हात ठेवला. "ताई, तुम्हाला म्हैसूरमध्ये कुणी गुजराती म्हटलं तर? चांगल्या अर्थानं?"

तेवढ्यात चहावाले बसप्पा किटली घेऊन आले. नेहमीसारखे मामांना कप, काकांना कप, मला अर्धा कप. ताईनं हात पुढे केला. बसप्पांनी किटलीचं झाकण लावलं.

"टी मद्रासल्लि सिगत्ते, मॅडम." चहा मद्रासला मिळेल.

त्या दिवशी ताईनं लंचनंतर माइकवर स्वतःहून माफी मागितली, कन्नडमध्ये, कागदावर लिहून घेऊन. कागद मी लिहून दिला होता. तिचे सगळे उच्चार चुकले. बसप्पांनी तिला दोन कप दिले.

*

आता मामांचा सगळ्यात गाजलेला डायलॉग. बोल्ड झालं की, "बिनपाण्याची हजामत!"

मराठीत ही जुनीच म्हण आहे. एखाद्याची पुरती फजिती केली की म्हणतात. मामा ती अशी म्हणायचे की पहिला शब्द लांबवायचे, मग थांबायचे, आणि दुसरा शब्द पब्लिक म्हणायचं. मुलांनी त्याचे रील केले होते. कुणीतरी टीशर्टवर छापून घेतलं होतं.

नजरबादच्या मुलींच्या टीममध्ये काव्या खेळते. ती माझ्या वर्गात आहे, माझी मैत्रीण आहे. तिच्या घरी कन्नड बोलतात, पण आमच्या गल्लीतली म्हणून टीमनं तिला पाहुणी खेळाडू म्हणून घेतलं. डावखुरी स्पिनर. तिचा बॉल टप्प्यावर पडून विचार करतो आणि मग वळतो.

तिच्या बाबांचं, शिवण्णांचं, सलून आहे. हे शाळेत फक्त मला माहीत आहे. आधीच्या शाळेत ते सगळ्यांना माहीत होतं आणि तिला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. हजामत हा मराठीत साधा शब्द आहे. पण म्हैसूरच्या कन्नडमध्ये "हजामा" ही शिवी आहे. न्हाव्याच्या मुलांना तर ती लहानपणापासून ऐकावी लागते.

सेमीफायनलला काव्याने तीन बोल्ड काढले. मामा खुशीत आले होते. तिन्ही वेळा जीव तोडून ओरडले, "काव्यानं केली... बिनपाण्याचीऽऽ..."

आणि पब्लिक, "हजामत!"

तिसऱ्या वेळी बाउंड्रीवरच्या पोरांनी ते आपल्या भाषेत छोटं करून टाकलं. ज्यानं हजामत केली तो कोण? टाळ्यांच्या ठेक्यावर, शाबासकी म्हणून, अख्खं मैदान माझ्या मैत्रिणीला ओरडत होतं, "हजामा! हजामा!"

कुणालाच तिच्या घरचं काही माहीत नव्हतं. सगळे खूश होते. काव्याने ओव्हरचे उरलेले दोन बॉल टाकले. दोन्ही डॉट. मी ती दोन टिंबं काढली तेव्हा पेन कागदातून पलीकडे गेलं.

सोमवारी शाळेत ती म्हणाली, "फायनलला मी येणार नाही."

मी माझा डबा तिच्याकडे सरकवला.

"तुझ्या मामांना सांगू नको," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बाबा दुकानात फोन लावून लाइव्ह बघतात. गिऱ्हाइकांना पण दाखवतात. माझी बोलिंग आली की आवाज मोठा करतात."

*

मी मामांना सांगितलं. म्हणजे बोलले नाही. टायरच्या दुकानात गेले आणि स्कोअरशीटच्या मागे सगळं लिहून त्यांच्या हातात दिलं. ताई आणि काका फायनलची तयारी करायला तिथेच बसले होते.

मामांनी दोनदा वाचलं. कान लाल झाले. "अगं पण पुट्टी, ही म्हण आहे! शिवी कुठे आहे? मी तर तिचं कौतुक करत होतो! मराठीत..."

तेव्हा मी बॉक्समधल्या माणसांसमोरचं माझं सगळ्यात मोठं वाक्य बोलले.

"मामा, तुम्ही मराठीत बोलता. पण मैदान कन्नडमध्ये ऐकतं."

मामा उठले, बाहेर जाऊन एका टायरची हवा तपासली. मग त्याच टायरची पुन्हा तपासली.

"चल," म्हणाले. "दाढी वाढलीय माझी."

वाढलेली नव्हती. सकाळीच केली होती.

*

सलूनमध्ये दोन खुर्च्या. एक रिकामी होती. काव्या मागच्या बाकावर टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला दाराबाहेरच थांबावंसं वाटलं.

"बन्नि, कूतकोळ्ळि," शिवण्णा मामांना म्हणाले. या, बसा. गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, फेस लावला आणि वस्तऱ्यात नवीन पातं घातलं. मामांनी हनुवटी वर केली आणि कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली.

"शिवण्णा, त्या मैदानावर माइकवर ओरडतो ना, तो मीच."

"गोत्तु." माहीत आहे. वस्तरा मामांच्या गळ्यावर टेकला. "आवाज दुकानात येतो. फोन बंद असला तरी येतो."

मामा हलले नाहीत. हलायची सोयच नव्हती.

"शिवण्णा, मी जे बोललो ते..."

"बोलू नका."

मामांचा चेहरा एवढासा झाला. आरशात मला दिसला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आत्ता बोललात तर कापेल," शिवण्णा म्हणाले. "एवढा गाल होऊ द्या. मग बोला."

*

गाल झाल्यावर मामा बोलले. फायनलच्या आधी माइकवरून सगळ्यांसमोर माफी मागणार म्हणाले. शिवण्णांनी टॉवेलनं त्यांचं तोंड पुसलं आणि मागे बोट दाखवलं. "मला नाही. तिला विचारा."

"माइकवर माफी?" काव्या उभीच राहिली. "नको मामा! तुम्ही माफी मागितली की सगळे विचारणार, कुणाची? आणि सोमवारी अख्खी शाळा मला विचारणार. तुम्ही फक्त तो शब्द म्हणू नका. आणि का म्हणत नाही, तेही कुणाला सांगू नका. अष्टे." एवढंच.

"पण पब्लिक मागेल गं."

"मागू दे. तुम्ही एकदा जरी म्हणालात ना, तर मी बॉल खाली ठेवून घरी जाईन."

आमच्या मामांना शपथेवर गप्प बसायला सांगणारी म्हैसूरमधली ती पहिलीच व्यक्ती. मामांनी गळ्याभोवतीचं कापड तसंच ठेवून हात पुढे केला. तिनं हात मिळवला.

आम्ही निघताना शिवण्णा म्हणाले, "मिशीला हात लावला नाही. ती तुमची तुम्ही सांभाळा."

*

फायनल. रविवार. टीशर्टवाली पोरं सगळ्यात पुढे.

बॉक्समध्ये सकाळीच व्यवस्था ठरली. काव्याने विकेट घेतली की ताई बोलणार, आणि मामांची जबाबदारी नामदेवकाकांवर. काकांनी घरून कोडबळ्यांचा डबा आणला होता; कोडबळं म्हणजे आमच्याकडचं कुरकुरीत कडबोळं.

पहिला बोल्ड काव्यानंच काढला. मामा उभे राहिले. छाती भरली. तोंड उघडलं. "बिन..."

काकांनी त्यात कोडबळं घातलं.

लाइव्हवर विकेटच्या जागी "कुर्रम" असा आवाज गेला.

पब्लिक पुढच्या शब्दासाठी श्वास घेऊन थांबलं होतं. आलंच नाही काही. मग ओरडा सुरू झाला, "मामा, डायलॉग! मामा, डायलॉग!" मामांनी चावून, गिळून, माइक घेतला. "घसा बसलाय माझा!" हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी ऐकू गेलं असेल.

पोरांना ते पटलं नाही. शिट्ट्या झाल्या. "मामा घाबरला!" कुणीतरी म्हणालं. "मामा म्हातारा झाला!" दुसऱ्या बोल्डला तर त्यांनी मामांकडे पाठच केली. ज्या माणसानं कुणासमोरही कधी आवाज खाली केला नाही, तो भरल्या मैदानात खाली मान घालून कोडबळं खात होता. कारण सांगायची बंदी होती.

मी टेबलाखालून त्यांचा हात धरला. मामांनी दुसऱ्या हाताने डब्यातलं आणखी एक कोडबळं घेतलं.

"चांगली झालीयत," ते काकांना म्हणाले.

*

डाव संपायला एक ओव्हर होती आणि ती काव्या टाकणार होती. नेमका तेव्हाच उन्हानं तापून लाइव्हचा फोन बंद पडला. ताई त्याला वर्तमानपत्रानं वारा घालू लागली.

दुसऱ्या बॉलला मैदानाच्या फाटकातून एक स्कूटर आत आली. चालवत होते शिवण्णा. कामाचा पांढरा कोट तसाच. मागे एक साहेब बसले होते, नजरबादच्या सरकारी ऑफिसातले. गळ्यात टॉवेल, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर फेस! दुकानातला फोन अंधारला तसे शिवण्णा अस्वस्थ झाले होते, आणि साहेबच म्हणाले होते म्हणे, "चला, उरलेली तिकडे करू."

दोघं झाडाखाली उभे राहिले. काव्याने पाचव्या बॉलवर बोल्ड काढला. शिवण्णांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, फेस उडाला.

मग दोन डावांमधली सुट्टी झाली. साहेबांना घरी जायचं होतं. शिवण्णांनी झाडाखालच्या दगडावर त्यांना बसवलं, पिशवीतून वाटी काढली, वस्तरा काढला आणि काम सुरू केलं.

हळूहळू सगळं मैदान तिकडे वळलं. टीशर्टवाली पोरं वळली. शाळेतल्या मुली वळल्या. एकीनं विचारलेलं मला ऐकू आलं, "हे कोण आहेत?"

काव्या टीमच्या घोळक्यात उभी होती. तिचं सगळं अंग ताठ झालेलं मला इथून दिसत होतं.

मामांनी माइक ओढला. "सगळ्यांनी कृपया पिचकडे लक्ष द्या! पिचकडे! फार महत्त्वाचं आहे!"

पिचवर कुणीही नव्हतं.

काव्या घोळक्यातून बाहेर आली. धावली नाही. चालत, मैदानाच्या बरोबर मधून, सगळ्यांसमोरून झाडापर्यंत गेली. शिवण्णा तिला "होगु, होगु" म्हणत होते, जा, जा. तिनं पिशवीतून आरसा काढला, दोन्ही हातांनी साहेबांसमोर धरला आणि मान वळवून आमच्या बॉक्सकडे पाहिलं.

"मामा!" ती तिथूनच ओरडली. "हेळि ना माइकवर! माझे बाबा आहेत म्हणून सांगा! दुकानाचं पण सांगा! रविवारची गिऱ्हाइकं सोडून आलेत ते!"

मामांनी माइक हातात घेतला. तोंड उघडलं. नामदेवकाकांनी डबा बंद केला. ताईनं पाण्याची बाटली पुढे केली. मामा एक घोट प्यायले, मिशी पुसली, उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा त्या माइकवर एकही मराठी शब्द न मिसळता, स्वच्छ कन्नडमध्ये बोलले.

"झाडाखाली जे उभे आहेत, ते शिवण्णा. आपल्या काव्याचे वडील. नजरबादला त्यांचं सलून आहे. रोज सकाळी उघडतं. मंगळवारी बंद." इथे मामा क्षणभर थांबले, आणि अख्ख्या मैदानानं श्वास घेतला. "आणि आज बंद! मुलीची फायनल आहे!"